कमल गावाला गेली

मी घर सोडलं त्या सकाळी बाबा भात झोडत होते. दिवाळी होऊन गेली होती. खळ्यावर भाऱ्यांचा ढीग पडला होता आणि ते एकेक पेंढी उचलून फळीवर आपटत होते. मी खांद्याला रेक्झिनची बॅग अडकवून खळ्याच्या कडेला उभी राहिले. आई मला सोडायला रस्त्यापर्यंत येणार होती. ती म्हणाली, "अवो, पोरगी निघाली."

"दिसतंय मला," बाबा म्हणाले. हात थांबला नाही. "जाते तर जाऊ दे. मला इचारून जात नाय, एवढं तिनं ध्यानात ठेवायचं."

"इचारलं व्हतं," मी म्हणाले. "तुमी नाय म्हणालात."

"मग?"

"मग काय. जाते."

फळीवर पेंढी आपटल्याचा आवाज मला रस्त्याला लागेपर्यंत ऐकू येत होता. रिक्षा मिळाली, कर्जतकडे वळली, आणि मी मागे पाहिलं नाही. तुमच्यातल्या काही जणांनी नंतर सांगितलं की सुजी रडत गेली. मी रडत गेले नाही. तेव्हा दारात उभे राहून बघणारे तुम्ही, आणि माझ्यासारखेच बॅग उचलून ठाण्याला, पनवेलला, पुण्याला गेलेले तुम्ही, दोघांनाही हे एकदा नीट सांगायचं होतं.

आमची वाडी पळसदरीच्या अलीकडे. थोडी घरं, मधे विहार, विहारापुढे शेणानं सारवलेलं अंगण. बाबा खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे आणि उरलेल्या वेळात भाताची दोन खाचरं करायचे. घरात मी आणि माझा धाकटा भाऊ मिलिंद. मी कर्जतच्या कॉलेजात बारावीनंतर बीए करत होते. तिथे एका एकांकिकेत मला उभं केलं, स्पर्धेला नेलं, आणि तिथल्या परीक्षकांपैकी एका दिग्दर्शकांनी सांगितलं की मुंबईला ये, आमच्या शिबिरात घेतो. त्यांना सगळे सर म्हणायचे, मीही म्हणू लागले.

बाबांनी नाही म्हटलं, त्याचं कारण तुम्हाला वाटतं ते नव्हतं. पोरीच्या जातीनं रंगमंचावर जाऊ नये असलं काही ते बोलले नाहीत. ते खाली बसले आणि मला त्यांच्या आईबापाची गोष्ट सांगितली. तोवर ती त्यांनी घरात कुणालाच सांगितली नव्हती.

माझे आजोबा खालूबाजात सनई वाजवायचे. लग्न असो, होळी असो, गावातल्या मोठ्या घरांपुढे सनई आणि ढोल घेऊन उभं राहायचं. बोलावतील तेव्हा यायचं, जा म्हणतील तेव्हा जायचं. एका होळीला पाटलाच्या अंगणात कुणीतरी आजीकडे बोट दाखवलं आणि म्हणालं, हिला नाचव.

"आई पोटुशी व्हती," बाबा म्हणाले. "मी पोटात व्हतो. ती नाचली. बा सनई वाजवत व्हता. दीक्षा घेतल्यावर बानं सनईला हात लावला नाय परत. एक वेळ जेवलो, पण लोकांच्या दारात करमणूक म्हणून उभं नाय राह्यलो. आनि तू आपल्या पायानं जातेस?"

मी एवढंच म्हणाले, "मी नाचायला नाय चालले, बाबा. बोलायला चाललेय." ते उठून बाहेर गेले. त्यांना ते पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बोलायला म्हणजे काय बोलायला, हे मलाही माहीत नव्हतं.

सुरुवातीला मी अंबरनाथला आत्याकडे राहिले. शिबिर दादरला. पहिल्या आठवड्यातच सरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "सुजाता, आवाज चांगला आहे तुझा. फक्त तो कुठून आलाय ते कळता कामा नये." मग माझं शिक्षण सुरू झालं. हाय नाही, आहे. नाय नाही, नाही. आमी नाही, आम्ही. तो ह आला पाहिजे, पोटातून आला पाहिजे. आत्याच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना मी 'आम्ही, तुम्ही, आम्हाला, तुम्हाला' असं घोकत राहायचे. आत्याच्या शेजारच्या काकू एकदा विचारायला आल्या, पोरीला कसला जप दिलाय?

मी शिकले. चांगली शिकले. वाडीच्या दुकानात तेव्हा एक फोन होता, त्यावर आईला बोलावून घ्यायचे. एकदा दोन वाक्यं ऐकून ती म्हणाली, "काय गं, बँकेतल्या बाईसारखी का बोलतेस?"

"कामाला लागतं ते, आई."

"लागंल. पर मी काय कर्ज मागायला आले काय?"

मी हसले आणि मग तिच्याशी तिच्यासारखंच बोलले. तिथून पुढे माझ्या तोंडात दोन भाषा राहायला लागल्या. एक कामाची, एक घरची. घरच्या भाषेची मला लाज वाटायला हवी अशी बऱ्याच जणांची अपेक्षा होती.

व्यावसायिक नाटकात छोटी कामं मिळाली. दौऱ्यांवर गेले, बसमधे मागच्या सीटवर झोपले, सेटचे खोके चढवले. मग मालिका आल्या. गोरेगावला तिघींमध्ये एक खोली घेतली. मला मिळणाऱ्या प्रत्येक कामाचं नाव निराळं असायचं आणि काम तेच असायचं. शांता, सखू, पारू, कमल. हातात ट्रे, कमरेला पदर खोचलेला. ऑडिशनला गेलं की समोरचा माणूस माझा चेहरा बघायचा, मग आडनाव विचारायचा, मग म्हणायचा, "तुम्ही हाऊसहेल्पसाठी एकदम परफेक्ट आहात." माझ्या शेजारी बसलेली, माझ्याच वयाची, माझ्याच रंगाची दुसरी मुलगी डॉक्टरच्या ऑडिशनला आलेली असायची. तिला आडनाव विचारलेलं मी ऐकलं नाही.

आणि गंमत पुढेच. ज्या भाषेवर बोळा फिरवायला मला वर्षभर शिकवलं, तीच आता हवी होती. "जरा गावरान बोला ना." मी बोलले, आमच्या वाडीत बोलतात तसं. दिग्दर्शकानं मान हलवली. "हे नाही. हे फार साधं वाटतं. थोडं फनी करा." मग संवाद लिहिणाऱ्यानं एक भाषा करून दिली. ती कर्जतची नव्हती, साताऱ्याची नव्हती, नागपूरची नव्हती. जगातल्या कुठल्याही गावात ती कुणी बोलत नाही. ती बोलून मी बराच काळ घरभाडं भरलं, आणि त्याबद्दल मला कुणाची माफी मागायची नाही.

कमल ही माझी सगळ्यात जास्त चाललेली भूमिका. एका श्रीमंत घरातली कामवाली. तुम्ही सगळे ती मालिका बघायचात. विहारात बायका जमल्या की आईला चिडवायच्या, आज सुजीनं भांडी घासली का गं? मग एक ट्रॅक आला. घरातला हार चोरीला जातो, कमलवर आळ येतो, दोन आठवडे सगळं घर तिला बोलतं, मालकीणबाई तिच्या थोबाडीत मारतात. शेवटी हार सुनेच्या कपाटात सापडतो. आणि मग बाई मोठ्या मनानं म्हणतात, जा, तुला माफ केलं. कमल रडत त्यांचे पाय धरते.

मी सीन वाचला आणि मेकअप रूममधून उठून दिग्दर्शकाकडे गेले. त्याला म्हणाले, "चोरी कमलनं केली नाही. मग ती पाया का पडते?"

तो घाईत होता. "अगं, बाईंनी मोठेपणा दाखवलाय ना."

"मोठेपणा दाखवायचा तर बाईंनी माफी मागू दे."

"सुजाता, तू पाया पडत नाहीयेस. कमल पडतेय."

"कमलनं पण केली नाही चोरी."

त्यानं चॅनेलला फोन लावला, निर्मात्याला लावला. लाईट लागलेले होते, बाईंचं काम करणारी ज्येष्ठ अभिनेत्री सोफ्यावर बसून वाट बघत होती. ती मला बोलावून हळूच म्हणाली, "बाळ, मी पण अशा बऱ्याच पायांवर डोकं ठेवलंय. एक शॉट आहे. संपवून टाक." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. मी तिला सांगितलं की तुमच्या पाया मी घरी येऊन पडेन, तुम्ही मोठ्या आहात. इथे नाही पडणार. दुपारपर्यंत शूट अडलं. मग सीन बदलला: बाई एकट्याच खिडकीशी उभ्या राहून पश्चात्ताप करतात. मी कॉस्च्युम उतरवला, घडी घालून कपडेपटाच्या दादाकडे दिला आणि घरी आले. पुन्हा शूटिंगचा कॉल टाइम आला नाही.

पुढच्या आठवड्यात मालिकेतल्या त्या घरी पाहुणे आले आणि त्यांनी विचारलं, चहा तुम्ही करताय? कमल कुठे? बाई म्हणाल्या, "कमल गावाला गेली."

मालिकांमधे आमच्यासारख्यांना मारायचीही गरज नसते. गावाला पाठवलं की झालं. पण तो एपिसोड संपला आणि वाडीतली सखुमावशी टॉर्च घेऊन आमच्या घरी आली. आईला म्हणाली, "सुजी गावाला आली म्हणं. कुठं हाय?" आईनं हे मला फोनवर सांगितलं, तेव्हा मी इतकी हसले की खोलीतल्या दोघी उठून बसल्या. हसता हसता माझ्या लक्षात आलं की आईला विचारायचंय, खरंच येतेस का? पण ती विचारत नाहीये.

मी गेले नाही. त्यानंतर पुष्कळ दिवस काम नव्हतं. भांडखोर म्हणून नाव झालं होतं. खताच्या जाहिरातींना आवाज दिला, शाळांमध्ये उन्हाळी शिबिरं घेतली. काका, मामा सगळ्यांनी निरोप धाडले: कर्जतला दुकानात नोकरी बघून देतो, लग्नाचं बघतो, परत ये. बाबांचा निरोप मात्र आला नाही. एकदा मिलिंदनं सांगितलं की कमलनं पाय धरले नाहीत हे त्यानं बाबांना समजावून सांगितलं होतं. बाबांनी टीव्हीचा आवाज कमी करून ते दोनदा ऐकून घेतलं.

त्या रिकाम्या दिवसांत मी आजीची गोष्ट लिहायला घेतली. एकटीनं करायचं नाटक. पाटलाचं अंगण, होळी, सनई, आणि पोटात मूल असलेली एक बाई. सगळं आमच्या बोलीत. मी ज्या संस्थेत तालीम करायचे तिथले लोक म्हणाले, प्रेक्षकांना भाषा जड जाईल, निवेदन तरी प्रमाण मराठीत कर. मी म्हणाले, नाही समजलं तर विचारतील. पहिल्या प्रयोगाला मोजकीच माणसं होती आणि कुणी काही विचारलं नाही. समजलं होतं. मग ते नाटक नाशिकला गेलं, कोल्हापूरला गेलं, परभणीला गेलं. ते बघून एका सिनेमावाल्यानं मला बोलावलं आणि आडनाव न विचारता काम दिलं. आता मी न्यायाधीश होते, मुख्याध्यापिका होते, खून करणारी सासू होते. ट्रे क्वचित येतो. आला तर मी आधी विचारते, ही बाई बोलते काय?

पण कर्जतला प्रयोग व्हायला फार वर्षं गेली. शेवटी एका मंडळानं ठरवलं, मंगल कार्यालय घेतलं, बोर्ड लागले, 'आपल्या मातीतली अभिनेत्री'. प्रयोगाच्या दोन दिवस आधी मंडळाचे अध्यक्ष भेटायला आले. फार गोड बोलले. म्हणाले, "ताई, नाटक सुंदर आहे असं ऐकलंय. फक्त तो पाटलाच्या अंगणाचा भाग तेवढा गाळता येईल का? आता सगळे मिळून मिसळून राहतात. जुनं कशाला उकरायचं?"

"तो भाग गाळला तर मी स्टेजवर येऊन काय करू?" मी विचारलं. "नमस्कार करून जाऊ?"

ते हसले, मी हसले नाही. संध्याकाळी कार्यालय उपलब्ध नसल्याचा फोन आला. मी वाडीत घरी बसले होते. मिलिंद शिव्या देत होता. बाबा तेव्हा कारखान्यातून निवृत्त झाले होते, कान थोडे कमी झाले होते. त्यांनी सगळं ऐकलं आहे की नाही हे आम्हाला कळेना. ते उठले, चप्पल घातली आणि दारातून म्हणाले, "विहारापुढं अंगण हाय. पाटावर उभी राह्यलीस तर मागच्यांना दिसशील. लायटीचं मी बघतो."

त्यांनी माझं नाटक पाहिलेलं नव्हतं. त्यात काय आहे हे त्यांना कुणी सांगितलं असेल तर मिलिंदनं.

प्रयोगाच्या संध्याकाळी अंगण भरलं. पळसदरीतून, कोंडाण्यातून, कर्जतमधून लोक आले. बोर्ड वाचून कार्यालयावर गेलेले लोक विचारत विचारत वाडीत आले. गावातलेही आले, त्यात त्या पाटलाच्या घरातली दोन तरुण मुलं होती. ती मागे भिंतीला टेकून उभी होती. बाबा बसले नाहीत. हॅलोजनच्या वायरीपाशी उभे राहिले, जणू ती पळून जाणार होती.

मी आजी झाले. होळीचा जाळ, लोकांचा गोल, सनई. कुणीतरी बोट दाखवतं, म्हणतं, नाच. जिथे जिथे प्रयोग केला तिथे सगळीकडे या जागी मी नुसती उभी राहते. सनई वाजत राहते, आणि ती बाई नाचत नाही. पोटावर हात ठेवून एकेकाच्या डोळ्यांत बघत राहते. सनई वाजवणारा थकतो आणि थांबतो. एवढंच आहे. परभणीला टाळ्या वाजल्या होत्या. विहारापुढे कुणी टाळी वाजवली नाही. एक म्हातारी रडत होती. ती थांबेपर्यंत कुणी हललं नाही.

लोक पांगल्यावर बाबा माझ्याजवळ आले. "माझी आई नाचली व्हती," ते म्हणाले.

"माहीत हाय, बाबा."

"मग?"

"मी नाय नाचवणार तिला."

त्यांनी मान हलवली, एकदाच. "बरं केलंस," म्हणाले, आणि माईक घेऊन सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं की चहा केलाय, कुणी न पिता जाऊ नका. त्यांनी रंगमंचावरून काढलेला तो पहिला आणि शेवटचा शब्द.

त्यानंतर काही वर्षांनी ते गेले. आई त्यांच्या आधीच गेली होती. तेव्हापासून आमच्याकडे काय झालंय हे तुम्ही बघतच आहात. नदीकडच्या बाजूला बंगले, प्रत्येकाला कंपाऊंड, शनिवारी गाड्या, रविवारी गाणी. आमच्या खाचरांनाही गिऱ्हाईक आलं. मिलिंदनं मला फोन करून बोलावलं. घरात वकील बसलेला होता. मिलिंद म्हणाला, "ताई, हक्कसोड करायची हाय. सही कर." माझ्या दोन्ही चुलतबहिणींनी त्यांच्या भावांना तशीच सही दिली होती. इथे बहिणी देतातच. साडी घेतात, जेवतात आणि जातात.

"नाय करत," मी म्हणाले.

मिलिंदला वाटलं मी मस्करी करते. मग त्याचा चेहरा उतरला. "तुला काय कमी हाय गं? तिकडं फ्लॅट हाय, नाव हाय. तू तर गेलीस. आमी राह्यलो हितं. आईबाबाचं आमी केलं."

त्याचं खरं होतं. त्यानं केलं. आईच्या आजारपणात, बाबांच्या शेवटच्या दिवसांत तो आणि रेश्मा वहिनी होते. मी शूट संपवून यायचे आणि परत जायचे. मी त्याला तसं सांगितलं. "घर तुझं. मला नको. पण खाचरात माझं नाव राहील. तुला कसायचं तर कस, पिकेल ते तुझं. इकायचं नाय."

"म्हंजे तू मला अडवणार?"

"हो. अडवणार."

वकील कागद गोळा करून गेला. मिलिंद माझ्याशी बोलायचा बंद झाला. गावात काय बोललं गेलं ते माझ्यापर्यंत पोचलं: नटीला हाव सुटली, भावाच्या पोटावर पाय दिला. तुमच्यातल्या काही जणांनी माझ्या तोंडावर विचारलं, जी गेली तिला जमीन कशाला? मी तुम्हाला विचारते, जो पुण्याला गेला, दुबईला गेला, त्या मुलाला कधी विचारलंत? त्याचं नाव सातबाऱ्यावर तसंच राहतं ना? मग मी गेले म्हणून गेले, आणि तो गेला तरी इथलाच, हे कसं?

माझं त्या जमिनीशी नातं फार हळवं वगैरे नाही. चिखलात मला दोन तासांत कंबरदुखी होते. पण माझ्या आजोबांना उभं राहायला स्वतःचं अंगण नव्हतं, म्हणून ते दुसऱ्यांच्या अंगणात उभे राहिले. बाबांनी पाळ्या करून ती दोन खाचरं घेतली. ती मी कुणाच्या स्विमिंग पूलसाठी सोडणार नाही, भाऊ बोलला नाही तरी.

यंदा लावणीला मी आले होते. मिलिंद बांधावर होता. वर्षभरात आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. मी साडी खोचून चिखलात उतरले. त्यानं रोपांची एक मूठ माझ्या पुढ्यात टाकली आणि म्हणाला, "दाट नको लावूस. वीत सोड." मी वीत सोडली. दुपारपर्यंत आम्ही तेवढंच बोललो. त्याचा राग गेलेला नाही, माझाही निर्णय बदललेला नाही. लावणी मात्र झाली.

मी मुंबई सोडणार नाही. गोरेगावचा माझा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, तालमीची ती कोंदट खोली, हे माझं आहे आणि मी ते भांडून घेतलंय. पळसदरीची ती खाचरंही माझीच आहेत. दोन्हीपैकी खरं घर कुठलं, असं मला मुलाखतीत विचारतात, तुम्हीही विचारता. मला वाटतं, जिथे यायला मी कुणाला विचारत नाही आणि जिथून जाताना कुणाची परवानगी घेत नाही, ते. अशी एका माणसाची दोन घरं असू शकतात.

तेव्हा पुढच्या वेळी मी आले की धावत जाऊन खुर्ची पुसू नका. वहिनी, तो नवा सेट काढू नकोस पाहुण्यांचा. रोजचे कप कुठल्या फळीवर असतात ते मला माहीत आहे. मी माझा चहा करून घेईन, आणि तुम्हाला हवा असेल तर तुमचाही ठेवेन.